शर्यत, पैज आणि घोडा

चित्रपटाला नुकता कोठे कंठ फुटला होता त्या काळात, म्हणजे 1932 साली, हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने ‘ग्रँड हॉटेल’ नावाचा एक चित्रपट काढला. ऑस्ट्रियन लेखिका व्हिकी बाउम हिच्या 1929 च्या कादंबरीवर तो आधारलेला होता, आणि एक नायक, एक नायिका व एक खलपुरुष ही रूढ मांडणी त्यात नव्हती. बर्लिनमधल्या एका मोठ्या हॉटेलात उतरलेली थकलेली नर्तकी, कर्जात बुडालेला उमराव, पोटासाठी टंकलेखन करणारी तरुणी, मग्रूर कारखानदार आणि मरण जवळ आल्याचे वैद्यांकडून कळलेला एक सामान्य हिशेबनीस, अशी परस्परांना अनोळखी माणसे एका छपराखाली आणून त्यांची आयुष्ये थोड्याच अवधीत एकमेकांत कशी गुंततात, हे त्यात दाखवले होते. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि पुढे हॉटेल, आगगाडी, जहाज अशा कोणत्याही बंदिस्त जागी पात्रांचा मेळावा भरवून नाट्य रचण्याचा प्रघातच पडला.

अशा मेळाव्याला एकत्र बांधणारे काही सूत्र लेखकाला शोधावे लागते, आणि घोड्यांच्या शर्यतीइतके सोयीचे सूत्र दुसरे नाही. शर्यत दीडदोन मिनिटांत संपते; तिचा निकाल लागण्याचा क्षण सर्वांना एकच असतो; परंतु त्या एका क्षणी कोणाचे कर्ज फिटते, कोणाचे लग्न मोडते, कोणाला गावी परतण्याचे तोंड उरत नाही. 1935 साली न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर गाजलेल्या आणि 1936 साली मर्व्हिन लरॉय याने पडद्यावर आणलेल्या ‘थ्री मेन ऑन अ हॉर्स’ या प्रहसनात, शुभेच्छापत्रांवरच्या कविता लिहून चरितार्थ चालवणारा एक भोळा गृहस्थ निव्वळ विरंगुळा म्हणून बसमध्ये बसल्या बसल्या कोणता घोडा जिंकेल हे टिपून ठेवतो, त्याची भाकिते अचूक ठरतात, आणि ते कळताच हॉटेलात तळ ठोकून राहिलेले जुगारी त्याला आपल्याजवळ अडकवून ठेवतात. त्यातली मेख अशी, की स्वतःचा पैसा गुंतला की त्याची ती दृष्टीच नाहीशी होते. प्रहसन असले तरी त्याच्या रचनाकारांना या विषयातले मर्म कळले होते असे मला वाटते. घोडा ओळखणे ही एक गोष्ट आहे आणि घोड्यावर पैसे लावणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पैज लावणारा मनुष्य वस्तुतः कशावर पैसे लावतो, हे नीट उमजले म्हणजे या सगळ्या नाट्याची कळ हाती येते.

असले नाट्य पाहण्यासाठी बर्लिनला अथवा न्यू यॉर्कला जाण्याची गरज नव्हती. पुण्याचे रेसकोर्स 1830 पासूनचे, लष्करी छावणीच्या जमिनीवरचे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीच्या प्रासादात मुक्कामाला येई, त्याच्या मागोमाग सारा सरकारी लवाजमा, संस्थानिक, पेढीवाले आणि बडे व्यापारी येत, आणि मुंबईचे मैदान पावसाने निरुपयोगी झालेले असल्यामुळे घोडेही त्यांच्याबरोबर घाट चढून वर येत. मुंबईची शर्यत हिवाळ्याची आणि पुण्याची पावसाळ्याची, ही वाटणी आजही चालू आहे. साधारण जुलै ते ऑक्टोबर पुण्यात आणि नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीला. दोन्ही मैदानांचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो.

1 जून 1930 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई ते पुणे अशी डेक्कन क्वीन ही आलिशान गाडी सुरू केली. आरंभी ती केवळ आठवड्याच्या अखेरीस धावत असे, आणि शर्यतींसाठी पुण्यास येणाऱ्या धनिक मंडळींची सोय हा तिचा एक मुख्य हेतू होता, असे रेल्वेच्या इतिहासात आवर्जून नमूद केलेले आढळते. कोणा पटकथाकाराने आपल्याकडचे ‘ग्रँड हॉटेल’ लिहायचे ठरवले असते तर त्याला याहून चांगली जागा मिळाली नसती. ती गाडी बोरघाट चढून लोणावळा, तळेगाव, देहू रोड मागे टाकीत चिंचवड आणि पिंपरी या, त्या काळी भातखाचरे व ज्वारीची शिवारे असलेल्या, लहान गावांजवळून पुढे निघून जाई. डब्यातल्या मंडळींच्या हातात रेसबुक असे आणि बाहेरच्या शेतात बैल. या दोन जगांमध्ये घोडा हा एकच प्राणी सामाईक होता, आणि तो या पट्ट्यात किती निरनिराळ्या रूपांनी वावरतो, हे मला येथे सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी पैजेचे गणित मांडले पाहिजे.

रेसकोर्सवर पैसे लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिली बुकीची. तो प्रत्येक घोड्याला भाव देतो, आणि तुम्ही पैसे लावले त्या क्षणी जो भाव असेल तो तुमच्यापुरता कायम होतो. समजा, तीन घोड्यांची शर्यत आहे आणि बुकीने अनुक्रमे रुपयास एक, रुपयास दोन व रुपयास तीन असे भाव दिले. पहिल्या भावाचा अर्थ असा की जिंकण्याची शक्यता शेकडा 50, दुसऱ्याचा शेकडा सुमारे 33, तिसऱ्याचा शेकडा 25. या तिन्हींची बेरीज 100 न येता 108 येते. ही जी वरची आठाची रक्कम, ती बुकीची दस्तुरी होय. पैसे त्या प्रमाणात जमले तर कोणताही घोडा येवो, तो 108 घेऊन 100 देतो. त्याचे सारे कौशल्य जमणाऱ्या पैशाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्यात आणि एका घोड्यावर ओझे वाढू लागले की त्याचा भाव ताबडतोब उतरवण्यात असते.

दुसरी रीत टोटची, आणि तत्त्वदृष्ट्या ती अधिक मनोरंजक आहे. तिचा जनक जोसेफ ओलेर हा पॅरिसवासी मनुष्य. 1860 च्या दशकात त्याने ही कल्पना अमलात आणली, आणि पुढे 1889 साली ‘मूलँ रूज’ हे प्रसिद्ध रंजनगृह काढणाऱ्या दोघांपैकी एक तोच होता. या रीतीत भाव कोणी ठरवतच नाही. सर्वांचे पैसे एका फडात जमा होतात, त्यातून सरकारचा कर आणि क्लबचा खर्च वजा होतो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर ज्यांनी पैसे लावले त्यांच्यात हिश्श्याप्रमाणे वाटली जाते. आकड्यांनी सांगतो. समजा, एका शर्यतीवर 1,00,000 रुपये जमले आणि वजावट 20,000 झाली. वाटायला 80,000 उरले. लोकांच्या आवडत्या घोड्यावर 40,000 लागले असतील, तर तो आल्यास दहा रुपयांचे वीस होतील. दुसऱ्या एकावर 8,000 लागले असतील, तर दहाचे शंभर होतील. आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, ज्याच्यावर अवघे 2,000 लागले, तो चुकून आलाच तर दहाचे चारशे होतील.

यातून निघणारा निष्कर्ष प्रत्येक नवशिक्याने मनावर कोरून ठेवण्यासारखा आहे. घोडा तोच, त्याचे पाय तेच, स्वार तोच. पण त्याची किंमत इतरांनी त्याच्याविषयी काय मत धरले यावर ठरली. उत्तम घोडा ओळखण्याने लाभ होत नाही, कारण तो उत्तम आहे हे सर्वांनाच कळलेले असते आणि म्हणून त्याचा भाव पडलेला असतो. लाभ होतो तो समुदायाची चूक ओळखण्याने. खिडकीशी उभा असलेला मनुष्य घोड्याशी झुंजत नसून आपल्या शेजारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मताशी झुंजत असतो. हे यंत्राच्या इतिहासातही विलक्षण रीतीने दिसते. जॉर्ज ज्युलियस या इंग्लंडात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने निवडणुकीतली मते मोजण्यासाठी एक यंत्र योजले होते; सरकारने ते घेतले नाही, तेव्हा त्याने तेच तत्त्व टोटच्या हिशेबासाठी वापरले, आणि 1913 साली न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलर्स्ली मैदानावर पहिले स्वयंचलित टोटयंत्र सुरू झाले. मतदान आणि पैज ही दोन्ही कामे एकाच यंत्राने व्हावीत हे स्वाभाविकच होते, कारण दोहोंतही बहुतांचे मत मोजावयाचे असते.

वजावटीचा परिणाम मात्र फार थोडे लोक ध्यानात घेतात. वरच्या उदाहरणातली वजावट एका शर्यतीपुरती आहे. रेसकोर्सवर एका दुपारी सातआठ शर्यती होतात, आणि जिंकलेला पैसा लोक पुढच्या शर्यतीवर पुन्हा लावतात. जमलेला समुदाय एकंदरीने 1,000 रुपये घेऊन आला आणि मिळालेले सर्व पुन्हा पुन्हा लावीत गेला, तर पहिल्या शर्यतीनंतर त्याच्याकडे 800 उरतील, दुसरीनंतर 640, आणि पाचवीनंतर सुमारे 328. त्या समुदायात काही जण हसत बाहेर पडतील, पण समुदाय म्हणून तो दोन तृतीयांश रक्कम मैदानावर ठेवून जाईल. यात कोणाची लबाडी लागत नाही, कोणा स्वाराने लगाम ओढण्याची गरज नसते. सर्व व्यवहार चोख असताना हे घडते. टोटवर एकेका शर्यतीचा ‘विन’ वा ‘प्लेस’ खेळणे सोडून लोक जे ‘ट्रेबल’ आणि ‘जॅकपॉट’ यांच्या मागे लागतात, म्हणजे लागोपाठच्या तीन किंवा पाच शर्यतींचे विजेते एकदम सांगू पाहतात, त्यामागे हीच हातघाई असते: थोडे थोडे झिजत जाण्यापेक्षा एकदाच उडी घ्यावी.

घोड्यांच्या बाजूने पाहिले तर अनिश्चितता ही मुद्दाम निर्माण केलेली असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शर्यतीचा जातिवंत घोडा, ज्याला थरोब्रेड म्हणतात, त्याची वंशावळ पितृपक्षाकडून तीन पूर्वजांपर्यंत जाऊन पोहोचते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे ते तीन वळू. वंश, वय, अंतर, मैदानाचा ओलावा आणि आधीच्या शर्यतींचा जमाखर्च पाहून घोड्याची योग्यता बरीच अचूक सांगता येते. तशी ती सांगता आली तर शर्यतीत मजा राहणार नाही, म्हणून हँडिकॅप शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात. स्वार व खोगीर मिळून ठरलेले वजन भरत नसेल तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालतात, आणि शर्यतीच्या आधी व नंतर स्वाराला खोगिरासह काट्यावर उभे करतात. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे ध्येय असे, की सर्व घोडे एकाच वेळी निशाणाशी पोहोचावेत. ते ध्येय कधीच पूर्णपणे साधत नाही, आणि जे साधत नाही त्या अल्पशा अंतरावर हजारो माणसांचा संसार टांगलेला असतो.

मराठी राजकुळांनी या खेळात जी रक्कम ओतली तिचा हिशेब आज डोळे दिपवणारा वाटतो. 1943 सालच्या पहिल्या इंडियन डर्बीत जिंकलेली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांची. त्यांनीच 1945 साली इंग्लंडात एक शिंगरू 28,000 गिनी देऊन विकत घेतले. त्या काळातला तो उच्चांकी भाव होता. त्याला त्यांनी आपल्या थोर आजोबांचे नाव दिले, आणि सप्टेंबर 1947 मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पुरता महिना होतो न होतो तोच, ‘सयाजीराव’ या नावाच्या घोड्याने डॉनकॅस्टरला सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली. वाचनालयांसाठी आणि सक्तीच्या शिक्षणासाठी ज्या राजाचे स्मरण करावे त्याचे नाव इंग्रजी वृत्तपत्रांच्या शर्यतीच्या रकान्यात छापून यावे, याचे मला वाईटच वाटते. रयतेच्या महसुलाचा तो विनियोग होता.

चित्रपटसृष्टीचे उदाहरण अधिक करुण आहे. जामनगरचे चंदुलाल शहा यांनी 1929 साली अभिनेत्री गोहर यांच्या साह्याने मुंबईत रणजित फिल्म कंपनी काढली. एका वेळी अनेक चित्रपटांचे काम चालू असलेला, शेकडो माणसांना महिन्याच्या महिन्याला पगार देणारा तो कारखानाच होता, आणि चंदुलाल हे संपूर्ण धंद्याचे पुढारी; लोक त्यांना सरदार म्हणत. दिवसा कापसाचा सट्टा आणि सुटीच्या दिवशी महालक्ष्मी, हे दोन नाद त्यांना होते. एका उद्योगाचा पाया त्यांनी घातला, आणि त्या उद्योगातून मिळालेले सर्व त्या दोन नादांत गेले. 1975 साली ते वारले तेव्हा ऐश्वर्यातले काहीच उरले नव्हते. पडद्यावर असंख्य पात्रांची सुखदुःखे एका सूत्रात ओवणारा हा मनुष्य स्वतःच तशा कथेतले एक पात्र होऊन बसला. बाजाराची नाडी ज्याला कळत होती, प्रेक्षकांना काय रुचेल हे जो अचूक सांगे, त्याला रेसकोर्सवर ते जमले नाही. कारण मागे सांगितल्याप्रमाणे तेथे नुसते बरोबर असून भागत नाही, इतर सर्व जण चूक असावे लागतात.

कायद्याने या बाबतीत जी भूमिका घेतली आहे ती सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने पैजा लावणे दंडनीय ठरवले, पण परवाना असलेल्या रेसकोर्सवर, ठरलेल्या शर्तींनुसार लावलेली घोड्यांवरील पैज त्यातून वगळली आहे. परवान्याची तरतूद 1912 च्या कायद्याने केली. 1957 साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे आणि त्याला घटनेचे संरक्षण नाही, असे सांगितले. मग घोड्यांचे काय? तमिळनाडू सरकारने मद्रासमधील शर्यती बंद करण्याचा कायदा केला होता, त्यावरील लक्ष्मणन खटल्यात 12 जानेवारी 1996 रोजी निकाल लागला: घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, वंश, शिक्षण, स्वाराचे चातुर्य आणि घोड्याचा पूर्वेतिहास यांचा विचार करून निकालाचा अंदाज बांधता येतो, सबब तो जुगार नव्हे.

या निकालाचा आदर राखूनही माझे मत सांगतो. घोडा शिकवणाऱ्याचे कौशल्य खरे, स्वाराचे कौशल्य तर प्राणावर बेतणारे. पण खिडकीत नोट सरकवणाऱ्याचे कौशल्य त्याच जातीचे आहे असे मानावयास माझे मन धजत नाही. फार थोडे लोक रेसबुक घेऊन आठवडाभर अभ्यास करतात. उरलेले कोणा ओळखीच्या तबेलेवाल्याची टिप, घोड्याच्या नावाचे आकर्षण किंवा शर्यतीच्या आधी मैदानात फिरवताना दिसलेली त्याची तकाकी, एवढ्यावर विसंबतात.

ज्याच्यावर आता कोणी पैसे लावत नाही त्या घोड्याचे काय होते? शर्यतीचा घोडा दोनतीन वर्षांचा असताना धावू लागतो आणि सहासातव्या वर्षी बहुधा निवृत्त होतो, मात्र त्याचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते. या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात मिळाले, आणि त्याचा जो भाग पिंपरीत आहे तो या औद्योगिक नगरातल्या रहिवाशांनाही फारसा परिचित नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेहरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की घटसर्प किंवा धनुर्वात यांचे विष अल्प प्रमाणात जनावराला टोचले असता त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात, आणि ते रक्तद्रव रोग्याला दिले तर त्याचा जीव वाचतो. लवकरच फ्रान्समध्ये काल्मेत या शास्त्रज्ञाने हेच तत्त्व सर्पविषाला लावले. या कामासाठी घोडा सर्वांत सोयीचा ठरला: अंगाने मोठा, रक्त पुष्कळ, स्वभावाने हाताळण्याजोगा. त्याला विषाच्या वाढत्या मात्रा आठवड्यांच्या अंतराने देतात. प्रतिद्रव्ये पुरेशी झाली की मानेतल्या शिरेतून ठरावीक रक्त काढतात, तांबड्या पेशी वेगळ्या करतात, आणि पिवळसर द्रवातून औषध शुद्ध करून घेतात. घोडा मरत नाही. विश्रांतीनंतर तो पुन्हा रक्त देतो.

मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 साली प्लेगच्या लशीसाठी निघालेली आणि 1925 पासून हाफकीन यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था ही औषधे करीत असे. पुण्याच्या पूनावाला घराण्याचा 1946 पासून घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता, आणि त्यांचे निवृत्त घोडे हाफकीन संस्थेकडे जात. आपले घोडे देऊन तेच औषध परत मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा औषध आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. जगातल्या अगणित बालकांना टोचल्या गेलेल्या लशींचा उगम अशा रीतीने शर्यतीच्या तबेल्यात आहे. इकडे सरकारी बाजूने 1975 साली हाफकीन संस्थेचा उत्पादन विभाग निराळा काढून महामंडळ करण्यात आले, आणि त्या महामंडळाचा रक्तद्रवाचा विभाग पिंपरीत आहे. ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशी पेनिसिलिनचा पाया घातला, त्याच पिंपरीत घोडे पाळले जातात आणि त्यांच्या रक्तापासून नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे औषध तयार होते. सह्याद्रीच्या कोठल्याशा पाड्यावरचा शेतमजूर भात कापताना घोणस चावूनही घरी परततो, त्याला त्या घोड्याचे नाव ठाऊक नसते, आणि त्या घोड्यावर कोणाचा भाव चालू नसतो. मला विचाराल तर घोड्याच्या योग्यतेचे याहून मोठे माप मी पाहिलेले नाही.

या पट्ट्यातला तिसरा घोडा चाकणच्या बाजूला भेटतो, आणि तोही शर्यतीतच. पण ती शर्यत बैलांची. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर, हवेली या तालुक्यांत गावच्या यात्रेला बैलगाडा पळवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. खंडोबाचे निमगाव, मोशी, चऱ्होली, चिखली, भोसरी ही नावे गाड्यांच्या शौकिनांच्या ओठांवर असतात. मैदानाला घाट म्हणतात, कारण ते खरोखरीच चढाचे असते: खाली गाडे जुंपण्याची जागा, मधून सरळ धाव, आणि वर निशाण. हलक्या गाड्याला मागे एक जोडी, तिच्यापुढे दुसरी जोडी जिला जुकाट म्हणतात, असे चार बैल. आणि गाड्यावर कोणीही बसत नाही. माणसे खाली बैल धरून उभी असतात, इशारा होताच सोडतात, निवेदकाचा ‘भिर्रर्र’ असा पुकार उठतो, आणि बैल चढावर सुटतात. त्यांच्या पुढे, त्यांना वाट व वेग दाखवीत, एक स्वार घोडी पळवीत असतो.

ही घोडी कशासाठी, असे नवखा विचारतो. गाड्यावर गाडीवान नाही, म्हणजे बैलांना दिशा देणारे कोणी नाही. पुढे धावणाऱ्या जनावराच्या मागे कळपाने धावण्याची जी बैलाची स्वाभाविक वृत्ती, तिचाच येथे उपयोग करून घेतला आहे. घोडी फार पुढे गेली तर बैलांची ओढ सुटते. मागे पडली तर ती त्यांच्या शिंगांशी येते. ते अंतर राखण्यात घोडेस्वाराची सारी कसोटी असते, आणि बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, पुरी होऊन गेली तरी प्रेक्षकांची नजर बैलांवरच असल्यामुळे त्याचे कसब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

रेसकोर्स आणि घाट यांतला मूलभूत भेद असा, की घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. वर निशाणापाशी घड्याळ लावून बसलेला मनुष्य वेळ सांगतो, आणि एकेका सेकंदाच्या अंशाने क्रम लागतो. ज्याची वेळ सर्वांत कमी, तो घाटाचा राजा. येथे भाव नाही, वजनाच्या शिशाच्या पट्ट्या नाहीत, समुदायाच्या मतावरून बैलाची किंमत ठरवणारी खिडकी नाही. परवाना असलेल्या रेसकोर्सबाहेर पैज लावण्यास कायद्याची मुभाच नाही. लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी घड्याळातला आकडा त्याने बदलत नाही. गाडामालकाला मिळते ते बक्षीस, अंगावर उधळलेला भंडारा, आणि पंचक्रोशीत झालेले नाव.

हे नाव या प्रदेशात हल्ली फार मोलाचे झाले आहे, याचे कारण मी येथल्या जमिनीत शोधतो. गेल्या साठ वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरी येथे आणि मागाहून चाकण परिसरात औद्योगिक महामंडळाने वसाहती वसवल्या. ज्या शेतांत बैल नांगराला चालत होते तेथे मोटारी बनू लागल्या. शेती गेली तशी बैलाची गरजही संपली. तरी ज्या घरांतून औत नाहीसे झाले त्याच घरांतून गाड्याचे बैल पुत्राप्रमाणे पोसले जातात, त्यांना खुराक घातला जातो, त्यांची निगा राखायला माणूस ठेवला जातो. शेतकरी म्हणून असलेली ओळख सातबाऱ्यावरून पुसली गेली, ती घाटात टिकून राहिली आहे. हा नुसता शौक आहे असे म्हणणाऱ्यांनी चैत्र-वैशाखातल्या एखाद्या यात्रेत दिवसभर उन्हात उभे राहावे.

या शर्यतीवर मध्यंतरी दीर्घ काळ बंदी होती. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळासाठी शिकवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. प्राणिमित्रांचे आक्षेप निराधार नव्हते: शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे, मादक द्रव्ये पाजणे असले प्रकार काही ठिकाणी होत, आणि जे गाडामालक बैलावर जीव टाकतात त्यांनी ते वेळीच मोडून काढावयास हवे होते. 2017 साली महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या मूळ कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यात बैलगाडा, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही देशी नावे आली, गाडीवानासह वा गाडीवानाशिवाय असे शब्द आले, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट आली. प्रत्यक्ष शर्यतींना वाट मिळाली ती 16 डिसेंबर 2021 च्या न्यायालयीन हुकुमाने. त्यानंतर 2022 च्या मे महिन्याच्या अखेरीस चिखलीच्या जाधववाडीत जी शर्यत भरली तिच्या बक्षिसांत जेसीबी यंत्र, मोटारगाडी, ट्रॅक्टर आणि पुष्कळशा दुचाकी होत्या; या पट्ट्यातल्या कारखान्यांचा मालच जणू यात्रेत मांडला गेला. पुढे 18 मे 2023 रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली, आणि ती अमलात आणताना जनावरांना होणारा त्रास टाळण्याच्या अटी काटेकोरपणे पाळल्या जातील याची जबाबदारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली.

या दुरुस्तीतल्या शर्यतीच्या व्याख्येत बैल आहे, गाडा आहे, जू आहे. पुढे धावणारी घोडी मात्र नाही. तिचा दम, तिचे खूर आणि तिचे वयही बैलांइतक्याच बारकाईने पशुवैद्याने पाहावे, आणि निवेदकाने बारी पुकारताना गाडामालकाच्या नावापाठोपाठ घोडीच्या धन्याचे व स्वाराचे नाव घ्यावे, एवढे तरी या तालुक्यांतल्या यात्रा समित्यांनी येत्या हंगामापासून सुरू करावे.